तीन आडव्या रेघा

तानीरा बोर्तोलुझीनं जूनमधल्या त्या दुपारी ‘मशीनमध्ये काही दोष नाही’ असं सांगितलं, तेव्हा ती खोटं बोलत नव्हती. मीटर तसं म्हणत होता, आणि मीटर म्हणेल ते खरं मानायचं हीच तिची चार वर्षांची शिकवण. इदालिनो पोझोबोननं टोपी मागे सारून डोकं खाजवलं.

"तू म्हणतेस म्हणजे नसेल," तो म्हणाला. "मग या बायांच्याच डोक्यात काहीतरी शिरलंय."

बाया म्हणजे त्याच्या अठरा गाई. सांता मारिया शहरापासून तासाभरावर, क्वार्ता कोलोनियाच्या डोंगरावर इदालिनो आणि त्याची बायको इवोनी यांचा गोठा होता. फेब्रुवारीत, तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, विद्यापीठानं त्या गोठ्याच्या छपरावर सोलर पॅनेल बसवून दिली होती आणि आतल्या भिंतीवर तानीरानं स्वतःच्या हातानं बनवलेला इन्व्हर्टर. मार्च, एप्रिल, मे सगळं सुरळीत. थंडी पडली आणि गाई सकाळी दूध काढायच्या जागेच्या दारात येऊन थांबायला लागल्या. आत ढकलल्या तर लाथा झाडायच्या, सडांना लावलेले यंत्राचे कप उडवून द्यायच्या. संध्याकाळी मात्र निमूट दूध द्यायच्या. गुरांचा डॉक्टर येऊन गेला, कासा बघितल्या, खूर बघितले, काही सापडलं नाही. म्हणून मग तानीराला बोलावलं. ती आली, दुपारी बारा वाजता कडक उन्हात मोजमाप केलं, इवोनीनं दिलेलं दह्यासारखं पांढरं चीज खाल्लं आणि निर्धास्त मनानं परत गेली.

आता तिचं मशीन काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पॅनेलमधून वीज एकाच दिशेनं वाहत येते; घरातली वीज सेकंदाला साठ वेळा उलटसुलट धावते. पहिलीची दुसरी करणारी पेटी म्हणजे इन्व्हर्टर. पूर्वी त्या पेटीत एक जडशीळ ट्रान्सफॉर्मर असायचा. तो पॅनेलची बाजू आणि घराची बाजू एकमेकींना शिवू द्यायचा नाही, सोवळ्यातल्या सासूसारखा. पण तो वजनाला भारी आणि वीज खाणारा. म्हणून त्याला काढून टाकलं. पेटी हलकी झाली, वीज वाचली, फक्त मधली भिंत गेली. भिंत गेली की सगळा भार येतो चार स्विचांवर: ते कुठल्या क्रमानं, किती वेगानं उघडायचे-मिटायचे, त्या रीतीवर. त्या रीतीला म्हणतात मॉड्युलेशन, आणि तानीराची सगळी तरुण वर्षं त्या रीतीत गेली होती.

तिच्या रीतीत दोन स्विच सेकंदाला वीस हजार वेळा राबायचे आणि उरलेले दोन फक्त साठ वेळा. जे कमी राबतात ते तापत नाहीत, आणि तापलं नाही की वीज वाया जात नाही. आत आलेल्या विजेतली अठ्ठ्याण्णव पूर्णांक एक टक्के वीज बाहेर येत होती. जुन्या सरळमार्गी रीतीत शहाण्णव पूर्णांक सहा. बाहेरच्या माणसाला हा दीड टक्का म्हणजे फुटकळ वाटेल, पण या क्षेत्रातली माणसं अर्ध्या टक्क्यासाठी लग्नं लांबवतात. तानीरानं लांबवलेलं लग्न तर शेवटी मोडलंच होतं.

घोडं पेंड खात होतं ते एकाच ठिकाणी. ते सावकाश चालणारे दोन स्विच जेव्हा जेव्हा पालटायचे, तेव्हा छपरावरची सगळी पॅनेल विजेच्या हिशेबानं एकदम तीनशे साठ व्होल्टची उडी मारायची. सेकंदाला एकशेवीस उड्या. पॅनेल म्हणजे धातू-काचेचा भला मोठा पत्रा. त्यानं उडी मारली की थोडी वीज त्याच्या चौकटीतून गळून जमिनीत जाते. ही गळती सगळ्यांनाच माहीत होती. तानीरानं ती मवाळ केली होती, प्रयोगशाळेत मोजली होती, आणि ती नियमाच्या आत होती.

तानीराच्या डॉक्टरेटच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा गुरुवारी दुपारी दोनला ठरली होती. आदल्या शुक्रवारी इवोनीचा फोन आला.

"पोरी, आता संध्याकाळीही जात नाहीत बघ," इवोनी म्हणाली. "आधी सकाळचेच नखरे होते. आता दार दिसलं की थरथरतात. दूध निम्म्यावर आलंय. दुधाचा गाडीवाला विचारतो, दोना इवोनी, गाई विकल्या की काय?"

"सेउ इदालिनो काय म्हणतात?" तानीरानं विचारलं. तिकडे मोठ्या माणसाला मानानं ‘सेउ’ आणि बाईला ‘दोना’ म्हणतात.

"तो काय म्हणणार! तो बोलतच नाही हल्ली. तू एकदा सकाळी ये. दुपारची नको, सकाळची."

‘दुपारची नको, सकाळची’ हा भेद एका शेतकरणीला सुचला आणि डॉक्टर व्हायला निघालेल्या बाईला सुचला नाही, याची तानीराला पुढे पुष्कळ दिवस लाज वाटत राहिली.

शनिवारी साडेसातला ती गोठ्यावर पोचली. धुकं इतकं की छपराचं टोक दिसत नव्हतं. पॅनेलवरून दवाच्या धारा ओघळत होत्या. थंडीत इदालिनो दूध उशिरा काढायचा, आठच्या सुमाराला. सूर्य नुकता वर आला होता, धुक्याआडून पांढुरका उजेड येत होता, आणि तेवढ्या उजेडावर भिंतीवरचं मशीन जागं होऊन बारीक गुणगुणायला लागलं होतं. इवोनीनं गरम पाण्याचा थर्मास आणि माते चहा ज्यातून नळीनं ओढतात तो कोरलेला भोपळा पुढे केला.

"आधी घे. हात बर्फ झालेत तुझे."

तानीरानं दोन घोट ओढले आणि मीटर काढला. दवानं पॅनेल भिजल्यामुळे जमिनीत जाणारी गळती दुपारच्या तिप्पट होती. तरीही नियमाच्या आतच. तिनं लोखंडी कठड्याला हात लावला. काही नाही. पुन्हा लावला. काही नाही.

इदालिनो दाराशी उभा होता. "बघ," तो म्हणाला, "तुलाही काही लागत नाही. मीही रोज हात लावतो. मला कुठं काय होतं?"

तानीरानं खाली पाहिलं. इदालिनोच्या पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. इवोनीच्या पायात रबरी बूट. तिच्या स्वतःच्या पायात प्रयोगशाळेचे, जाड रबरी तळाचे, वीजतंत्रज्ञांसाठी मुद्दाम बनवलेले. चार वर्षं ती ते बूट घालून रबरी चटईवर उभी राहून जमिनीत किती वीज गळते ते मोजत होती. तिला एकदम हसू आलं.

तिनं बूट काढले. मग मोजे.

"अगं, वेडी का खुळी!" इवोनी ओरडली. "न्यूमोनिया होईल! परीक्षा आहे ना तुझी!"

"गाई कुठं बूट घालतात, दोना इवोनी?"

ओल्या सिमेंटवर ती अनवाणी उभी राहिली. बादलीत हात बुडवला आणि ओल्या हातानं कठडा धरला. कोपरापर्यंत मुंग्यांची एक रांग धावत गेली. तिनं हात काढला, पुन्हा धरला. पुन्हा तेच. जीव घेणारा झटका नव्हता तो. पण रोज सकाळी, कास भरलेली असताना, चार ओल्या पायांवर उभं राहून आणि तोंड लोखंडी गव्हाणीत घालून तो सोसायचा म्हटला, तर कुणीही दारातच थांबेल.

"घ्या, तुम्हीही बघा," ती म्हणाली.

इदालिनोनं बूट काढले नाहीत. त्यानं तिच्या चेहऱ्याकडे नुसतं पाहिलं आणि तो बाहेर निघून गेला. त्याला राग आला असेल असं तानीराला वाटलं. येणारच, ती मनाशी म्हणाली, त्यांच्या जागी मी असते तर मलाही आला असता.

गळालेली वीज जमिनीत न जाता कठड्यात का घुटमळत होती, तेही तासाभरात उमगलं. विजेच्या आकृतीत जमीन काढायची तर तीन आडव्या रेघा काढतात, एकीखाली एक, लहान होत जाणाऱ्या. त्या तीन रेघांत सोडलेली वीज नाहीशी होते, असं सगळे इंजिनिअर धरून चालतात. तानीरानं प्रबंधात त्या रेघा एकशेबारा वेळा काढल्या होत्या. पण या डोंगरावर जमीन म्हणजे चार बोटं माती आणि खाली काळा पाषाण. गळती जमिनीत उतरवायला ठोकलेली तांब्याची कांब हातभरसुद्धा आत गेली नव्हती. बाकीची वाकवून मातीनं झाकली होती, आणि गोठ्याचं सगळं लोखंड त्याच कांबेला जोडलेलं होतं. ठोकणाऱ्या वायरमनला दोष द्यावा तर त्यानं फोनवर सांगितलंही होतं की खडक लागलाय, आणि तिनं उत्तर दिलं होतं, जाईल तेवढी घाला.

तिनं लॅपटॉप मशीनला जोडला. स्वतःची रीत पुसायला तिला चार मिनिटं लागली. तिच्या जागी जुनी, सरळमार्गी रीत घातली: चारही स्विच सारख्याच वेगानं राबणारे, सगळेच तापणारे, पण पॅनेलला उडी मारू न देणारे. मशीनची गुणगुण जराशी घोगरी झाली. तिनं ओला हात कठड्यावर ठेवला. गार लोखंड, बस्स. पाय मात्र निळे पडले होते.

"झालं," ती इवोनीला म्हणाली. "आता जातील."

गेल्या नाहीत. त्या संध्याकाळी नाही, रविवारी नाही, सोमवारी नाही. इवोनीचा रोज एक फोन यायचा आणि रोज तेच.

सोमवारी तानीरानं प्रोफेसर केसलरना सगळं सांगितलं. एवाल्दो केसलर तिचे मार्गदर्शक. प्रेमळ माणूस, पण प्रेम टक्क्यांत व्यक्त करणारा. ‘अठ्ठ्याण्णव पूर्णांक एक’ हे शब्द ते नातवाचं नाव घ्यावं तसे घ्यायचे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, भोपळ्यातला माते संपवला आणि पुन्हा गरम पाणी ओतून तो तिच्या हातात दिला.

"कांब नियमाप्रमाणे ठोकली होती का?" त्यांनी विचारलं.

"नव्हती."

"मग प्रश्नच मिटला. एक ओळ लिही. ‘जागेवरची जमीन-जोडणी नियमबाह्य असल्यामुळे शेतावरची चाचणी ग्राह्य धरलेली नाही.’ यात एक तरी शब्द खोटा आहे का?"

"नाही."

"प्रयोगशाळेतले आकडे खरे आहेत?"

"आहेत."

"मग चेहरा का असा केलास? गुरांसाठी नव्हतीच गं ती चाचणी."

तानीरानं न पिताच भोपळा खाली ठेवला. ओळ खरी होती, हीच पंचाईत होती. खोटी असती तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "सर, त्या डोंगरावर सगळ्यांची जमीन तशीच आहे. कांब कुणाचीच जाणार नाही. आणि पॅनेल तर सगळेच बसवणार आहेत."

"ते त्यांच्या वायरमननं बघावं."

"मी त्यांना सांगितलं होतं, सर. मशीनमध्ये दोष नाही म्हणून. मी, वायरमननं नव्हे."

केसलरनी चष्मा काढून पुसला. "चार वर्षं आहेत तुझी. मी अडवणार नाही. पण गुरुवारी समितीपुढे तू स्वतःच्याच हातानं ती रद्द करणार असशील, तर निदान नीट रद्द कर. आकडे आण. हळहळ आणू नकोस."

मंगळवार-बुधवार तिनं आकडे जमवले. ओल्या पॅनेलचे, कोरड्या पॅनेलचे, खडकातल्या कांबेचे. सरासरी दाखवणाऱ्या मीटरला न दिसणारी प्रत्येक उडी तिनं आलेखात सुईसारखी उभी केली. हे करताना तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. उलट काम करताना खूप दिवसांनी मजा आली, आणि त्याचंही तिला जरा वाईट वाटलं.

परीक्षा तिकडे सगळ्यांसमोर होते. खोलीत विद्यार्थी, तिची आई, दोन मावश्या, मागे केक झाकून ठेवलेला. बाहेरून आलेल्या परीक्षक प्रोफेसर झुलेइका तावारेस, मिनास प्रांतातल्या, साठीच्या, आवाज अगदी मऊ. ज्यांचा आवाज मऊ असतो त्या परीक्षकांना विद्यार्थी जास्त भितात, आणि ते बरोबरच आहे.

तानीरानं गोठ्याचं सगळं सांगितलं. अनवाणी उभं राहिल्याचंही सांगितलं. मावश्यांनी एकमेकींकडे पाहिलं.

"म्हणजे तुमची रीत निकामी आहे?" प्रोफेसर तावारेसनी विचारलं.

"कोरड्या हवेत, चांगल्या जमिनीवर नाही. पण जिथं कुणी ओल्यात अनवाणी उभं राहतं, तिथं मी ती बसवणार नाही. दुसऱ्या कुणी बसवू नये असंही प्रबंधात लिहीन."

"आणि आता जी रीत घातलीत, ती निर्दोष आहे?"

"मीटर म्हणतो, आहे."

"तुम्ही काय म्हणता?"

"मागच्या वेळीही मीटर म्हणत होता आणि मी त्याच्यामागून म्हटलं होतं. गाई अजून आत जात नाहीत. त्या गेल्याशिवाय मी काही म्हणणार नाही."

विद्यार्थी हसले. प्रोफेसर तावारेस हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. अर्ध्या तासानं निकाल आला: उत्तीर्ण, पण शीर्षकातून ‘उच्च कार्यक्षमतेची’ हे शब्द काढायचे, आणि साठ दिवसांत शेतावरचा पूर्ण अहवाल जोडायचा. केक कापला. केसलर आपली केकची बशी घेऊन तिच्याजवळ आले आणि म्हणाले, "नीट रद्द केलंस." त्यांच्या तोंडून हे केवढं मोठं कौतुक होतं ते तिला ठाऊक होतं. त्याच संध्याकाळी इवोनीचा फोन आला, आणि या वेळी तिचा आवाज वेगळाच होता.

"गेल्या गं! एकेक करत सगळ्या गेल्या!"

रविवारी सकाळी तानीरा गोठ्यावर गेली. लॅपटॉप नाही, मीटर नाही. फक्त उरलेल्या केकचा डबा. धुकं तसंच, छपरावर दव तसंच, मशीनची घोगरी गुणगुण. इवोनी दारात उभी राहून एकेकीला नावानं हाक मारत होती आणि गाई मान हलवत, ओल्या सिमेंटवर सावकाश पाय टाकत आत जात होत्या. तानीरानं एकीच्या पाठीवरून हात फिरवला. गाईनं अंग आकसलं नाही. चार वर्षांत कुठल्याही आलेखानं तिला एवढा आनंद दिला नव्हता.

"सेउ इदालिनो कुठायत? झोपलेत की काय अजून?"

इवोनीनं कप लावता लावता मान वर केली नाही. "मागे आहे. गुरुवारपासून गोठ्यात येत नाही तो."

गोठ्याच्या मागच्या भिंतीला टेकून इदालिनो पालथ्या बादलीवर बसला होता. टोपी गुडघ्यावर, हात टोपीवर.

"इथं काय बसलात? चला ना, बघा तरी कशा शहाण्यासारख्या जातायत!"

"जाऊ देत," तो म्हणाला. "मी दिसलो की थांबतात."

तानीराला कळेना. "मशीन बदललं, सेउ इदालिनो. आता काही लागत नाही त्यांना. मी हात लावून पाहिलाय."

"मशीनला नाही भीत त्या." तो तिच्याकडे न बघता बोलला. "तू म्हणालीस मशीनमध्ये दोष नाही. डॉक्टरनं सांगितलं गाईंत दोष नाही. मग उरलं काय? माज. हट्ट. असं वाटलं मला. एकतीस वर्षं गुरं पाळतोय, पोरी, कधी हात उचलला नव्हता. माझ्या बापानंही नाही. आधी थापट्या मारल्या. मग दुधाचा रबरी पाइप घेतला. तोंडावर मारलं एकेकीला. आत जाऊन झटका खायचा, की बाहेर राहून माझा मार खायचा. उभ्या राहून विचार करायच्या बिचाऱ्या, आणि मी म्हणायचो, बघ कशी हट्टी आहे."

तानीरा त्याच्या शेजारी चिखलात उकिडवी बसली. "माझी चूक आहे ती," ती म्हणाली. "सगळी माझी."

"तुझी जेवढी आहे तेवढी तू घेतलीस. सगळ्यांसमोर बोललीस म्हणे, इवोनीनं सांगितलं." त्याचा आवाज रागाचा नव्हता, त्यामुळे तिला तो जास्त ऐकवेना. "तुझं तू चार मिनिटांत पुसलंस. माझं कसं पुसायचं ते सांग."

भिंतीपलीकडे दूध काढायच्या यंत्राची टकटक सुरू झाली. मध्येच एखादी गाय हंबरायची आणि इदालिनो ओठांतल्या ओठांत तिचं नाव घ्यायचा.

"किती गेल्या आत?" त्यानं विचारलं.

तानीरा उठून कोपऱ्यापर्यंत गेली, डोकावून मोजून आली. "अठरा."

"म्हणजे सगळ्या," तो म्हणाला, आणि टोपी डोक्यावर घालून शेवटची गाय बाहेर पडेपर्यंत तिथंच बसून राहिला.